रुग्ण सांभाळणाऱ्यांच्या बैठका कशा चालाव्यात?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पक्षाघाताचा, स्मृतिभ्रंशाचा किंवा कर्करोगाचा रुग्ण वर्षानुवर्षे घरी सांभाळणाऱ्या कुटुंबीयांसाठी आधारगट, म्हणजे एकमेकांशी मन मोकळे करण्याच्या बैठका, हव्यात, हे आता आपल्या खानदेशातही बोलले जाऊ लागले आहे. परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यानंतर तालुक्याच्या गावी अशी बैठक चालवताना मला जाणवते ते असे, की बैठक भरवणे मुळीच अवघड नाही. शुश्रूषा करणारीला दोन तास घराबाहेर पडता यावे आणि बाहेर पडल्यावर मोकळेपणाने बोलता यावे, ही सोय लावणे अवघड आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. हे ज्या सुनेच्या किंवा मुलीच्या माथी आहे, ती ‘बैठकीला या’ एवढ्या निरोपावर येणार कशी? त्या वेळेपुरते घरी थांबायला नर्सिंगच्या विद्यार्थिनी, राष्ट्रीय सेवा योजनेतील मुले किंवा ज्येष्ठ नागरिक संघातील धडधाकट सभासद मिळू शकतात. मात्र स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला अनोळखी चेहरा पाहून घाबरायला होते, म्हणून घरचे माणूस समोर असतानाच बदलीच्या माणसाने आधी दोन-तीनदा येऊन बसावे. वेळेचेही भान हवे. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारची बैठक ठेवली तर रिकाम्या सतरंज्या दिसतील, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेल्यावर संध्याकाळशिवाय गत्यंतर नाही.

मोकळेपणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्या गावांत निम्मी गल्ली भाऊबंदांची असते. सासूच्या आजारपणाबद्दल सुनेने एक शब्द वावगा काढला तर तो रात्रीच्या जेवणाआधी घरी पोहोचतो. म्हणून बैठक गल्लीत किंवा कोणाच्या ओसरीवर न घेता तालुक्याच्या ठिकाणी, दोन-चार गावच्या लोकांची मिळून घ्यावी, दहा-बाराहून अधिक माणसे एका गटात नसावीत आणि येथे बोललेले येथेच राहील, हे प्रत्येक वेळी सुरुवातीला स्पष्ट सांगावे.

बैठक चालवणाऱ्याचे काम भाषण देण्याचे नाही. (आपल्याकडे हातात माईक आला की तो सुटत नाही, हा भाग वेगळा.) एका बाईंना ‘तुम्ही कशा आहात?’ असे विचारले, तर त्या सासूबाईंची साखर, लघवीची नळी, डॉक्टरांची पुढची तारीख सांगत राहिल्या. ‘हे सासूबाईंचे झाले, आता तुमचे सांगा,’ असे पुन्हा म्हटल्यावर बऱ्याच वेळाने त्या अहिराणीत म्हणाल्या, ‘मना जीव कटाळना’ (माझा जीव कंटाळला). अशा वेळी ‘सेवा हेच पुण्य’ असे कोणी म्हटले की त्या बाई पुन्हा तोंड उघडत नाहीत. चालवणाऱ्याने तेथे थांबावे, इतरांनाही थांबवावे आणि विचारल्याशिवाय कोणी सल्ला देऊ नये, हा नियम निक्षून पाळावा. मात्र ज्या घरात रुग्णावर हात उगारला जाऊ लागला आहे किंवा जिच्या बोलण्यात स्वतःचा जीव संपवण्याची भाषा येते, तेथे गटावर विसंबून न राहता त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ घालून द्यावी. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही हाताशी असावा.

माहितीसाठी शेवटची पंधरा मिनिटे पुरतात. वॉकर, हवेची गादी, कमोडची खुर्ची कोणाकडे पडून आहे, याची चौकशी तेथेच होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे, हे बहुतेकांना अशा बैठकीतच प्रथम कळते. औषधे, पावडरी विकणाऱ्यांना मात्र दारातूनच परत पाठवावे.

हे काम खानदेशाला परके वाटण्याचे कारण नाही. मूळचे धुळ्याचे आणि पुढे कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, त्यामागे स्वतःच्या घरातील आजारपणाचा अनुभव होता. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने ‘सहचरी’ गट चालवले. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांचे आईवडील वर्षानुवर्षे दवाखान्याच्या वाऱ्या करतात. त्यांच्या बैठका त्यांच्याच बोलीत, आशाताईंच्या मदतीने व्हायला हव्यात.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या शासकीय रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षकांना माझी विनंती आहे, की दीर्घकाळ शुश्रूषा लागणाऱ्या रुग्णाला घरी सोडताना औषधांच्या चिठ्ठीसोबत जवळच्या बैठकीचे ठिकाण, वार आणि वेळ लिहिलेला कागद नातेवाइकांच्या हाती द्यावा, आणि जेथे बैठक नाही तेथे ती सुरू करण्यासाठी ज्येष्ठ नागरिक संघांना एक खोली आणि प्रशिक्षित माणूस मिळवून द्यावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, जि. जळगाव