अव्या, सांगलीला निघण्याआधी सीट नीट बसव

नाशिक

प्रिय अव्या,

बारशाचं आमंत्रण पोचलं. आम्ही दोघंही येतोय, तेव्हा जेवणाची काळजी तू कर, बाकी आम्ही बघू. बारसं झाल्यावर रेवती आणि बाळाला गाडीने पुण्याला आणणार म्हणतोस, आणि त्यासाठी घेतलेल्या, बाळाच्या कार सीटचा फोटोही पाठवलास. त्यावर नुसता अंगठा दाखवून गप्प बसवेना, म्हणून हे लांबलचक पत्र.

सीट चांगली घेतलीस. ईसीई आर ४४/०४ चं नारिंगी लेबल दिसतंय, म्हणजे युरोपातल्या चाचण्यांतून पास झालेली आहे. पण बसवली आहेस तोंड पुढे करून! अरे, पोराने अजून मान धरलेली नाही. आधी ती उलटी फिरव. बाळाचं तोंड मागच्या काचेकडे हवं. एवढ्याशा बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं. गाडी पुढून धडकली तर पट्टे धड धरून ठेवतील, डोकं मात्र पुढे फेकलं जाईल आणि सगळा ताण मानेवर येईल. उलट्या सीटमध्ये डोकं, मान आणि पाठ एकदमच मागच्या कवचावर टेकतात. ९ किलो झालं की पुढे फिरवता येतं, असं तुझ्या पुस्तिकेत असेल. त्याची घाई करू नकोस. युरोपच्या नव्या आर १२९ नियमात पंधरा महिन्यांपर्यंत उलटं बसवणं सक्तीचं आहे. तुझ्यासारख्या उलट्या-सुलट्या दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या सीट बहुधा उलट्या बाजूने १३ किलोपर्यंत चालतात, तेवढं वापरून घे.

आता पट्टा. सीटच्या कडांवर निळ्या आणि लाल खुणा आहेत बघ. निळ्या उलट्या बैठकीसाठी, लाल सुलट्या. फोटोत पट्टा लाल खुणांतून गेलाय. सीट फिरवलीस की कमरेचा भाग बाळाच्या पायांकडच्या निळ्या खाचांतून घाल आणि छातीचा भाग कवचाच्या पाठीमागून वळसा घालून आण. पट्टा बकलपर्यंत पुरतोय ना, हे आजच बघ. काही गाड्यांत तो तोकडा पडतो आणि मग ऐनवेळी पंचाईत होते.

बकल लागल्याचा खट् आवाज आला म्हणजे काम झालं, असं समजू नकोस. आपल्या गाड्यांचा पट्टा बहुतेक वेळा हिसका बसला तरच अडकतो, हळू ओढला की सैलच राहतो. म्हणून ताण हातानेच आणावा लागतो. एका हाताने सीट गादीत जोरात दाब, अंगाचा भार टाक, आणि दुसऱ्या हाताने आधी कमरेचा, मग छातीचा भाग ओढून घे. घाम येईल, येऊ दे. मग जिथून पट्टा गेलाय तिथेच सीट धरून डावी-उजवीकडे हलव. इंचभरापेक्षा जास्त हलली तर परत पहिल्यापासून. वरचं टोक धरून हलवू नकोस, उलटी सीट तिथे थोडी डुलणारच. आणि बकल प्लास्टिकच्या कडेवर आडवं टेकत असेल तर ती जागाच सोड, दुसऱ्या बाजूला बसवून बघ. दणक्यात तसं बकल तुटू शकतं.

जागा म्हणशील तर मागे डावीकडे. फुटपाथच्या बाजूने बाळाला काढता-घालता येतं. पुढच्या सीटवर उलटी सीट मुळीच नको. एअरबॅग फुटली तर ती थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. तुझ्या गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे पट्ट्याविना सीट थेट अडकवायचे लोखंडी आकडे आहेत हे ठाऊक आहे मला, पण या सीटला ते जोड नाहीत. पुढची सीट घेशील तेव्हा बघू.

सीट किती कलती हवी, हे तिच्यावरच्या खुणेवरून बघ. फार उभी झाली तर झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीवर पडते आणि श्वास अडतो.

खरी लढाई मात्र सांगलीत, निघताना होणार आहे. बारशाची ती सुंदर रेशमी कुंची, वर स्वेटर, वर दुपटं, अशा गाठोड्यातच बाळ तुझ्या हातात येईल. गाडीत हे सगळं काढायचं. जाड कपड्यांवर पट्टे घट्ट दिसतात, पण दणका बसला की कपडे दबतात आणि पट्टे सैल पडतात. झबलं पुरे. पट्टे लावून झाले की वरून दुपटं पांघर. खांद्याचे पट्टे उलट्या बैठकीत खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यायला हवेत, आणि खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरता येता कामा नये.

मग सासूबाई म्हणणारच, "एवढंसं लेकरू, माझ्या मांडीवर नीट राहील की." वाद घालू नकोस, हिशोब सांग. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर ५ किलोचं बाळ क्षणभर ७० किलोचं होतं. तेवढं कोणाच्याही हातात राहत नाही. कायदाही आहे, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९४ब: चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा सीटविना नेलं तर ₹१,००० दंड. पण दंडाला घाबरणाऱ्या त्या नव्हेत. त्यांना बाळाच्या शेजारीच बसव, हातात खुळखुळा दे आणि त्यांचाही पट्टा लाव. पट्टा न लावलेला मोठा माणूस धडकेत बाळावरच येऊन आदळतो. हे ऐकल्यावर त्या आपण होऊन लावतील असं मला वाटतं.

वाटेत दोन तासांपेक्षा जास्त वेळ सलग सीटमध्ये ठेवू नकोस. इतकं लहान बाळ आहे, त्याआधीच थांबलास तर उत्तम. कराडला चहाला थांबशीलच, तेव्हा बाळाला बाहेर काढून आडवं कर, पाजणंही तिथेच उरकेल. गाडी उन्हात उभी केलीस तर बकलवर कापड टाक, ते चटकन तापतं. आणि पुण्यात पोचल्यावर बाळ गाढ झोपलेलं असलं तरी त्याच सीटमध्ये घरात ठेवू नकोस, पाळण्यात घाल.

शनिवारी सकाळी बसवायला घे आणि मला फोन लाव. स्पीकरवर ठेव, म्हणजे पट्टा ओढताना दोन्ही हात मोकळे राहतील. रेवतीला आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
मन्या