सोनेरी स्प्रेवर बंदी घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या ‘टाकाऊपासून टिकाऊ’ स्पर्धेतल्या बक्षीसपात्र वस्तूंची छायाचित्रे आपल्या रविवार पुरवणीत पाहिली. पोरांच्या मेहनतीबद्दल वाद नाही. पण जवळजवळ प्रत्येक वस्तूवर सोनेरी स्प्रे मारलेला, आणि आइस्क्रीमच्या काड्या तर स्टेशनरीच्या दुकानातून कोऱ्या आणलेल्या. टाकलेले त्यात काय होते?

मलाही हाच नाद आहे, म्हणून लिहिते. आमचा छापखाना होता. ऑफसेट छपाई आली, लग्नपत्रिकांचे काम आटले, ट्रेडल (पायाने चालवायचे छपाईयंत्र) किलोच्या भावाने भंगारात गेले. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या, केसेस लाकडाच्या, त्या भंगारवाल्याने घेतल्या नाहीत. एकेका केसमध्ये लहानमोठे खणच खण. त्यातल्या एकीत मी सासूबाई मांडल्या आहेत: त्यांचा अडकित्ता, स्टोव्हची पिन, रेडिओचे बटण, फिरकीच्या तांब्याची नुसतीच उरलेली फिरकी, एस.टी.त कंडक्टर असलेल्या त्यांच्या भावाचा तिकिटाचा पंच. आणि ‘ळ’चे काही खिळे, कारण माहेरच्या आडनावातला तो ‘ळ’ सासरी आल्यावर गेला, हे त्या शेवटपर्यंत ऐकवत. (खिळ्यांत शिसे असते. म्हणून पुढे काच लावली आहे. नातवंडांनी बघावे, हाताळू नये.) अडकित्त्याची मूठ बोटांनी झिजून एका बाजूला बारीक झाली आहे. तिथे सोनेरी रंग मारला असता तर बाजारातला कुठलाही अडकित्ता चालला असता.

हे माझेच खूळ नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आई आणि अपंग भावासोबत राहणारा जोसेफ कॉर्नेल (१९०३–१९७२) हा कलावंत चित्रकला शिकलेला नव्हता. जुन्या पुस्तकांच्या आणि स्वस्त मालाच्या दुकानांत हिंडून नकाशे, प्याले, मातीच्या चिलमी जमवायचा आणि काचबंद पेट्यांत मांडायचा. पिकासोने १९४२ साली सायकलचे सीट आणि हँडल जोडून बैलाचे मुंडके केले. बैल दिसतो आणि सीट सीटच राहते, गंमत तिथे आहे. चंडीगडचे नेकचंद तर बांधकाम खात्यातले रस्ते निरीक्षक. सरकारी जंगलात वर्षानुवर्षे गुपचूप फुटक्या बांगड्या आणि कपबश्यांची माणसे-जनावरे घडवत होते. पत्ता लागल्यावर त्यांची ती बाग, आजचे रॉक गार्डन, पाडली गेली नाही, १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिथल्या बाहुल्यांच्या अंगावरचे रंग बांगड्यांचेच आहेत.

शिक्षकांना तीन गोष्टी सांगते. पहिल्याच दिवशी चिकटवू देऊ नका. आठवडाभर वस्तू नुसत्या हलवत राहू द्या. जड वस्तू मागच्या फळीला भोके पाडून तारेने बांधा, आपल्या पावसाळ्यात डिंक सुटतो. लोखंडाचा गंज ब्रशने झाडून जवसाच्या तेलाचा हात दिला की पुरे.

परीक्षकांनी मात्र ‘उपयुक्तता’चे गुण काढून टाकावेत. प्रत्येक गोष्टीचा पेनस्टँड कशाला व्हायला हवा? त्याऐवजी मुलाला विचारावे, ही वस्तू कुणाची, कुठे सापडली, हिच्याशेजारी तीच का. उत्तर आईने पाठ करून घेतलेले असेल तर लगेच कळते.

आणि आपण पुढच्या वेळी छायाचित्राखाली शाळेच्या नावासोबत वस्तू कुठून आल्या तेही छापा. जागा पुरत नसेल तर बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचा फोटो थोडा लहान करता येईल.

आपली एक वाचक,
खणभाग, सांगली