बदलीचा अर्ज यंदाही भरला नाही

ती. नाना आणि ती. आईस,
सा. नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. पण फोनवर नाना प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणतात आणि फोन ठेवल्यावर आईला विचारतात, "काय म्हणत होती गं?" म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू वाचून दाखवू नकोस. चष्मा लावून त्यांचं त्यांना वाचू दे.

नानांना शेवटचं पान आधी वाचायची सवय, म्हणून मुख्य ते वरच लिहिते. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज मी यंदाही भरला नाही. मुदत संपली आहे. तेव्हा दादाला पुण्याहून फोन करायला लावू नका, त्याचा उगीच जीव टांगणीला लागतो. मी इथे मेळघाटात, धारणीकडच्या शाळेतच राहणार आहे, निदान माझा आत्ताचा पहिलीचा वर्ग चौथीला जाईपर्यंत.

रागावला असाल तर पाणी प्या आणि पुढचं वाचा. नाना, तुम्ही हिशोब मागणार म्हणून आधी व्यवहाराचं. आंतरजिल्हा बदली घेतली की सेवाज्येष्ठता जाते, नव्या जिल्ह्याच्या यादीत मी सगळ्यात खाली. शिवाय जळगाव जिल्हा मिळाला म्हणजे अमळनेर मिळालं असं थोडंच आहे? चोपडा नाहीतर यावलच्या सातपुड्यातला एखादा पाडा मिळाला असता आणि तिथूनही मी शनिवारीच आले असते. इथे आदिवासी भागातली नोकरी म्हणून एकस्तर वेतनश्रेणीचे चार पैसे जास्त मिळतात. आणि इथून यायला परतवाड्याच्या घाटाने फिरून यावं लागत नाही. धारणीहून बऱ्हाणपूरची बस, बऱ्हाणपूरहून गाडीने भुसावळ, भुसावळहून अमळनेर. सकाळी निघाले की रात्री तुमच्या ताटाला ताट लावून जेवायला हजर.

खोली पक्की आहे. छत गळत नाही, दाराला आतून दोन कड्या आहेत. पाणी आवारातच. मदतनीस ताई पलीकडच्याच घरात राहतात, मला ताप आला तर माझ्याआधी त्यांना कळतं. दूध मिळतं, भाजी बाजाराच्या दिवशी आणून ठेवते. वाघ आमच्या गल्लीत येत नाही, नाना. आई, बातम्यांत मेळघाट दिसला की तू टीव्हीसमोर डोळे पुसतेस असं दादा सांगतो. त्या बातम्या खोट्या नाहीत, पण त्यात मी नसते. मी दोन वेळा नीट जेवते. लग्नाचा विषय या पत्रात नको.

आता खरं कारण. ते लिहिताना मला जरा भीती वाटते, कारण त्यात नाना येतात.

माझ्या पहिलीच्या वर्गातली पोरं कोरकू बोलतात. घरी कोरकू, ओढ्यावर कोरकू, झोपेत बडबडतात तेही कोरकू. सहाव्या वर्षी शाळेत येतात आणि समोर मराठीचं पुस्तक. मग काय करतात? मान हलवतात. "समजलं का?" म्हटलं की सगळ्या माना एकदम हलतात, चेहरे अगदी शहाणे. नवीन आलेल्या शिक्षकाला वाटतं, वर्ग किती गुणी! मला तसं कधी वाटलं नाही, पहिल्या दिवशीसुद्धा नाही. मी ती मान ओळखते. ती माझी आहे.

तुम्हाला आठवत असेल नसेल. मी पहिलीत उभी राहून बाईंना आपल्या अहिराणीत म्हणाले होते, "माले घर जानं शे." वर्ग हसला. बाई हसल्या आणि मला ते वाक्य शुद्ध करून सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. त्यानंतर बरेच महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही, फक्त मान हलवली. घरी आल्यावर आजीने विचारलं, "काय व्हयनं व माय?" आणि मी तिच्या कुशीत रडले. त्या रात्रीपासून नानांनी नियम केला: घरात शुद्ध बोलायचं.

नाना, मी तक्रार करत नाही, खरंच नाही. तुमच्या नाशिकच्या मुलाखतीत काय झालं होतं ते आत्याने मला पुढे सांगितलं. आपल्या पोरीवर तशी वेळ येऊ नये म्हणून तुम्ही स्वतःची जीभ बदललीत, चाळिशीला आलेल्या माणसाने. सोपं नसतं ते, आता मला कळतं. सायकलच्या दांड्यावर बसवून तुम्ही मला बाजारपेठेतल्या पाट्या वाचायला लावायचात. चुकले तर रागवायचा नाहीत, नुसती सायकल हळू करायचात. मी अजून कुठल्याही गावात उतरले की आधी पाट्या वाचते, आणि इथल्या पोरांनाही तेच करायला लावते. आई वेणी घालताना कोडी घालायची आणि उत्तर येईपर्यंत रिबीन बांधायची नाही. तेही मी तसंच्या तसं उचललंय, फक्त इथे वेण्या जास्त आहेत.

आणि आजी. आजीने तुमचा नियम मानलाच नाही. दिवसा तुमच्यासमोर गप्प आणि रात्री गोधडीत शिरल्यावर अहिराणीत गोष्टी. माझ्यात ती दोन घरं तेव्हापासून शेजारी-शेजारी नांदतात. दमले की अजून तोंडून शाळा-फळ्याऐवजी 'शाया' आणि 'फया' निघतं.

डी.एड.ला असताना वाटायचं, शिकवायचं कसं ते इथे शिकतोय. पुढे वाचनात आलं, डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली मांडलं होतं की शिक्षक होणारा माणूस शाळा संपेपर्यंत सुमारे १३,००० तास शिक्षकांकडे बघत बसलेला असतो, आणि आपल्या नकळत तेच पुढे गिरवतो. त्यापुढे डी.एड.ची दोन वर्षं ती काय! म्हणजे पहिलीच्या त्या बाई माझ्यात आहेत. पोराने चूक केली की आधी त्याच बोलायला बघतात. त्यांना गप्प बसवायचं काम तिसरीचे गुरुजी करतात. तेच, जे आमच्यातल्या कुणाला मराठीत सांगता आलं नाही की म्हणायचे, "तुन्हा बोलीमा सांग." नाना, तुम्हाला ते गुरुजी आवडायचे नाहीत, ढिले वाटायचे. मला मात्र पुस्तक वाचायची गोडी त्यांच्याच वर्गात लागली.

तुम्ही म्हणाल, हे सगळं भावनेचं झालं, पुरावा काय. घ्या पुरावा. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना त्यातला फरक कळत होता. तेच दहा-बारा महिन्यांची झाली की जवळजवळ कळेनासा झाला, कारण त्यांच्या घरात त्या फरकाला काही काम नव्हतं. पहिला वाढदिवस यायच्या आत कान आपलं घर निवडून बसतो. माझ्या पोरांचे कान तर पाच वर्षं कोरकूत मुरलेले आहेत.

आणि कोरकू म्हणजे मोडकी-तोडकी मराठी नव्हे. दूरच्या संथाली-मुंडारीच्या कुळातली ती भाषा, आर्यही नाही न् द्राविडीही नाही. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर माणसांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली. त्यात मराठीसारखी तीन लिंगं नाहीत. सजीव की निर्जीव, हा भेद महत्त्वाचा. आणि दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे. तुमचं 'रामः रामौ रामाः' आठवा, नाना. तुम्ही पाठ केलेलं ते माझी सहा वर्षांची पोरं बोलता-बोलता वापरतात. मग त्यांच्यातला एखादा "आई आला" म्हणाला तर तो ढ नाही, त्याच्या भाषेच्या नियमाने बरोबर चाललाय. हे ओळखायला पदवी लागत नाही. लहानपणी आपल्या वाक्याला कुणी हसलेलं असलं की पुरतं.

आणखी एक, तुम्हाला गंमत वाटेल. जनगणना खान्देशीला, म्हणजे आपल्या अहिराणीला, मराठीत धरत नाही, वेगळी मोजते. २०११ ला ती १८ लाखांवर होती. इतकी वर्षं आपण घरात दार लावून जिला लपवत होतो, तिची सरकारी नोंद स्वतंत्र!

कायद्याचंही सांगून ठेवते. तहसीलमधून निवृत्त झालेल्या माणसाला कलम लागतंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं, शक्य असेल तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शाळेत मातृभाषेची सोय करा म्हणणारं संविधानातलं कलम ३५०अ १९५६ पासून आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर देतं. कागद भक्कम आहे. कागदावरून वर्गापर्यंत मात्र कुणीतरी चालत जावं लागतं. आपल्याकडे हे नवीनही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि वारली पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावर नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. त्यांच्यापुढे माझं काम फारच किरकोळ आहे.

मी काय करते? फार काही नाही. सुरुवातीला पुस्तक बाजूला. मदतनीस ताई गोष्ट कोरकूत सांगतात, पोरं त्यावर चित्र काढतात, मग तीच गोष्ट मी मराठीत सांगते. गोष्ट आधीच कळलेली असते, त्यामुळे नवीन फक्त शब्द उरतात. माझं कोरकू ऐकून पोरं पोट धरून हसतात. हसू देते. बाईसुद्धा चुकते हे त्यांनी पाहिलं की त्यांना चुकायला भीती वाटत नाही. मराठी शिकवत नाही असं समजू नका हं, नाना. मराठी आलीच पाहिजे, नाहीतर धारणीच्या बँकेत, दवाखान्यात त्यांना कोण विचारणार? त्यात तुमचंच खरं आहे. फक्त त्यासाठी आजीला गप्प बसवायला नको.

आत्ता कुठे या पोरांनी मान हलवणं सोडलंय. एक पोरगी परवा चक्क म्हणाली, "नाही समजलं." आता मी गेले आणि जागा रिकामी राहिली, तर ती परत मान हलवायला लागेल. एवढंच कारण आहे. तुमच्यापेक्षा ती पोरं जवळची आहेत असं नाही, आई. तसं मनात आणू नकोस.

आता नाना, तुमच्याबद्दल. ज्या बाईचं अर्धं आयुष्य हलणाऱ्या माना ओळखण्यात गेलं, तिच्यासमोर "हो, हो" करून तुम्ही निसटू शकत नाही. तुम्हाला ऐकू येत नाही. आवाज येतो, शब्द येत नाहीत, बरोबर? वयाने कान जातो तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ असली व्यंजनं गळतात आणि स्वर उरतात. म्हणून तुम्हाला वाटतं, आम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलतो. बायकामुलांचं बोलणं आधी हरवतं. दादाचं कळतं आणि माझं नाही याचं एवढंच कारण, त्यात लाडका-दोडका काही नाही. आणि ऐकू येत नाही म्हणून गप्प राहिलं की माणूस हळूहळू लोकांतूनच उठतो. ओट्यावरची बैठक तुम्ही बंद केलीत ती गुडघ्यामुळे नाही, हे मला माहीत आहे.

तेव्हा मी दिवाळीला आले की आपण जळगावला जाऊन कानाची तपासणी करायची. वेळ मी घेते. मशीन लागलं तर लावायचं. "लोक काय म्हणतील" हे तुमच्याकडून ऐकून घेणार नाही. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजसुद्धा डोक्यात जाईल, तरी काढून कपाटात ठेवायचं नाही. रोज थोडा वेळ वाढवत न्यायचं. कानाला सवय लागते.

आई, तोपर्यंत ओरडू नकोस. ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, फक्त भांडण वाटतं. समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोल. स्वयंपाकघरातून हाक मारून काही सांगायचं नाही. टीव्ही बंद करून बोलायचं. आणि घरात आता शुद्ध-अशुद्धचा नियम उठवला म्हणून सांग. त्यांच्या कानाने अहिराणी आधी ओळखली होती, तिच्यातच बोलून बघ.

बाकी सूचना पटापट: नानांची तीन महिन्यांची साखर तपासायची राहिली आहे, ती या आठवड्यात करा आणि रिपोर्टचा फोटो पाठवा. दरवेळी रोज रात्री तळपाय बघायला सांगते, बघता का? बाथरूममध्ये मी आणून दिलेली रबरी चटईच वापरायची, ती गुंडाळून माळ्यावर ठेवलीय हे मला दादाने सांगितलंय. आई, स्टुलावर चढून डबे काढायचे नाहीत. मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलायची नाही, मी रजा टाकून येते आणि आठ दिवस थेंब मीच घालते.

आणि एक काम. आजीची कोल्ह्याची गोष्ट मला अर्धीच आठवते. तो विहिरीत पडल्यावर पुढे काय होतं? तू सांग आणि फोनमध्ये रेकॉर्ड करून पाठव, अहिराणीतच. ताई तिचं कोरकू करणार आहेत, शनिवारच्या आत हवी.

तुमची लेक

ता. क. नाना, उत्तर लिहा. फोन नको. वळणदार अक्षर काढत बसू नका, नाहीतर दिवाळीपर्यंत पोचायचं नाही.