ओढणाऱ्या गाडीचा खरा दोष शोधायला शिकवणाऱ्या उस्तादांचे जाहीर आभार

आदरणीय उस्ताद,

सा. न. वि. वि.

नवे टायर टाकल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली की गिऱ्हाईक येऊन एकच मागणी करतं, "अलाइनमेंट करून द्या." बहुतेक ठिकाणी ती लगेच पूर्णही होते. गाडी चाकांचे कोन मोजणाऱ्या मशीनवर चढते, टो (वरून पाहिलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) जुळतो, हिरवे आकडे छापलेला कागद हातात पडतो आणि बाहेर रस्त्यावर गाडी पुन्हा डावीकडेच ओढते. या फेऱ्यातून आमच्या गॅरेजला आणि कितीतरी गाडीमालकांना तुम्ही बाहेर काढलंत. त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही शिकवलेला तपासाचा क्रम इथे लिहून काढतो आहोत, कारण हे आभार नुसत्या शब्दांवर भागणारे नाहीत.

तुमचं सांगणं असं, की पुढच्या चाकांचा टो गाडी ओढत नाही. टो चुकला तर स्टेअरिंग वाकडं बसतं आणि गाडी टायर खाते, पण सरळ चालताना दोन्ही चाकं तो फरक आपसात वाटून घेतात. ओढ येते ती टायर, कॅम्बर (चाक समोरून पाहिलं तर आत-बाहेर किती कललंय तो कोन, वरचा भाग बाहेर तर पॉझिटिव्ह), कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं तो बाजूने पाहिल्यावर किती कललाय तो कोन) नाहीतर ब्रेकमधून. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेले खांब, असतात आणि त्यांत कॅम्बर-कॅस्टर जुळवायची सोय कंपनीने ठेवलेलीच नसते. पान्ह्याने फिरतो तो टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा दांडा, म्हणजे पुन्हा टोच! मग टायर बदलायच्या आदल्या दिवशी नाकासमोर चालणारी गाडी दुसऱ्या दिवशी ओढू लागली, तर आधी संशय टायरवर घ्यायचा. सस्पेन्शन एका रात्रीत हलत नाही.

सुरुवात हवेपासून. टायरची कड रिमवर नीट बसावी म्हणून चढवताना ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पर्यंत हवा मारतात आणि घाईगर्दीत एखाद्या चाकात ती तशीच राहून जाते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर पुढच्या चाकांना ३३ लिहिलं असेल, तर टायर थंड असताना दोन्हीकडे ३३च हवी. पाचेक पीएसआयचा फरकसुद्धा गाडीला कमी हवेच्या बाजूला न्यायला पुरतो.

मग रस्ता. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला कडेकडे साधारण दोन-अडीच टक्के उतार ठेवतात आणि आपण चालतो डावीकडून. त्यामुळे धडधाकट गाडीही हळूहळू डावीकडे सरकते, तो दोष नव्हे. उजवीकडे ओढणारी गाडी मात्र उतार चढून जात असते, म्हणजे तिच्यात नक्की काहीतरी आहे. चाचणी मोकळ्या, सपाट जागी घ्यायची आणि स्टेअरिंग सोडून न देता दोन बोटांनी हलकं धरायचं, हा तुमचा आग्रह आम्ही पाळतो. ५०च्या वेगाला क्षणभर न्यूट्रल करून पाहायचं. ओढ फक्त अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर येत असेल तर टायरला दोष देण्यात अर्थ नाही, ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा), इंजिन माउंटिंग आणि बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) पाहायचे. फक्त ब्रेक लावल्यावर येत असेल तर ब्रेक उघडायचे.

यानंतरची पायरी म्हणजे अदलाबदल. सगळ्यात जास्त आभार तिच्यासाठी, कारण ती फुकट आहे, अर्ध्या तासात होते आणि तरीही कुणी करत नाही. पुढची दोन चाकं रिमसकट डावी-उजवी बदलायची आणि त्याच जागी गाडी पुन्हा चालवायची. ओढ उलटी झाली, म्हणजे डावीकडची उजवीकडे गेली, तर दोष टायरचा. नवा टायर सदोष कसा, असं गिऱ्हाईक विचारतंच. टायरच्या आतले स्टीलचे पट्टे बनवताना मधोमध न बसता किंचित एका अंगाला सरकले, तर टायर डोळ्यांना गोल दिसतो पण चालताना शंकूसारखा वागतो. चहाचा कागदी कप टेबलावर आडवा लोटला की तो जसा बारक्या तोंडाकडे वळतो, तसाच हा. बॅलन्सिंग मशीनवर हे दिसत नाही, कारण वजन अगदी बरोबर असतं. चाक दुसऱ्या बाजूला नेलं की त्याचं तोंड फिरतं आणि ओढही फिरते.

दोघांपैकी कुठला टायर, हे शोधायला आधी डाव्या बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे करायचं. ओढ गेली तर मागे गेलेला टायर गुन्हेगार, नाही गेली तर तेच उजव्या बाजूला करायचं. फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर डावे-उजवे करता येत नाहीत. त्यांना पहिल्यापासून हीच पुढे-मागेची रीत.

अदलाबदलीनंतर ओढ पूर्ण गेली तर तिथेच खूश होऊन थांबायचं नाही, हे तुमच्याखेरीज कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा अर्थ थोडी ओढ टायरची होती आणि जवळपास तेवढीच गाडीची, आता दोन्ही एकमेकींना छेद देताहेत. पुढच्या रोटेशनला चाकं जागा बदलतील आणि तक्रार परत येईल. गिऱ्हाइकाला हे त्याच दिवशी सांगून ठेवावं.

ओढ जशीच्या तशी राहिली तर गाडीकडे वळायचं, पण एक अपवाद लक्षात ठेवून. पट्ट्यांच्या तारा तिरक्या असतात, त्यातूनही थोडा जोर एका बाजूला लागतो आणि चाक कुठल्याही बाजूला लावलं तरी तो त्याच दिशेला राहतो. अदलाबदलीत तो पकडला जात नाही. तशाच दुसऱ्या गाडीची सरळ चालणारी चारही चाकं घटकाभर लावून पाहिली की शंका फिटते.

ब्रेकची तपासणी तुम्ही फार सोपी केलीत. चार-पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवायचं आणि थांबल्याबरोबर दोन्ही पुढच्या डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्यायचं. एक डिस्क दुसरीपेक्षा २०-३० अंशांनी गरम असेल तर तिकडचा ब्रेक सुटत नाहीये आणि गाडी त्याच बाजूला ओढणार. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायचं. अडकत असेल तर ब्लीडर निप्पल, म्हणजे ब्रेकमधलं तेल-हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू, सैल करायचा. चाक लगेच मोकळं झालं तर ब्रेकचं तेल आत कोंडलंय, बहुतेक वेळा रबरी होज आतून फुगलेला असतो. मोकळं नाही झालं तर कॅलिपरच्या (डिस्कला चिमटा घेणाऱ्या भागाच्या) पिना सुकल्यात किंवा पिस्टन जाम आहे.

आणि मग, इतकं झाल्यावर, अलाइनमेंट मशीन. तेही टो जुळवायला नव्हे, आकडे वाचायला. गाडी कॅम्बर जिकडे जास्त पॉझिटिव्ह तिकडे आणि कॅस्टर जिकडे कमी तिकडे ओढते. समजा मुभा शून्याच्या दोन्ही बाजूंना ४५ मिनिटांची आहे (६० मिनिटं म्हणजे एक अंश). डावीकडे कॅम्बर अधिक ३० मिनिटं, उजवीकडे उणे २५. दोन्ही आकडे हिरवे, कागद "ओके", पण दोहोंतला फरक ५५ मिनिटं आणि गाडी डावीकडे. हिरवा रंग एकेका चाकापुरता असतो, ओढ दोन्हींच्या फरकातून येते. अर्ध्या अंशावर फरक दिसला की तुम्ही थांबून कारण शोधायला लावता. कॅम्बर एका बाजूला जेवढा वाढला तेवढाच दुसऱ्या बाजूला कमी झाला असेल तर सबफ्रेम (सस्पेन्शन जिला जोडलेलं असतं ती खालची चौकट) सरकलेली असते, तिचे बोल्ट सैल करून ती मधोमध आणायची. फरक एकाच चाकात असेल तर स्ट्रट, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकलेला. कॅस्टर कमी भरत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश फाटलाय का ते पाहायचं.

टायरच दोषी ठरला तर इलाज सोपा. तो मागच्या चाकाला टाकायचा, तिथे त्याची ओढ स्टेअरिंगला जवळपास जाणवत नाही. दोन्ही अंगांनी सारख्या नक्षीचा आणि बिनबाणाचा टायर असेल तर रिमवर उलटा चढवला तरी ओढीची दिशा फिरते. ओढ फारच जोराची असेल तर विक्रेत्याकडे क्लेम टाकायचा. सोबत बिल आणि अदलाबदलीच्या चाचणीची नोंद द्यायची, शिवाय टायरच्या अंगावरच्या तारखेचे चार आकडे लिहायचे. ३१२४ म्हणजे २०२४ सालचा ३१वा आठवडा. कुठलं चाक कुठे असताना गाडी कुणीकडे ओढत होती, हे लिहिलेलं असलं की विक्रेत्याशी बोलणं सोपं जातं. ही नोंद ठेवायची सवयही तुमचीच.

कळावे, लोभ असावा.

आपली,
गॅरेजमधली सगळी मंडळी