ब्रेकचे शू बदलण्याआधी हे बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. गाडी ओढत नाही, उतारावर सोडली तरी आपोआप पळत नाही, थांबलं की डाव्या मागच्या चाकाजवळ जळका वास येतो आणि ब्रेकचे नवे शू टाकूनही फरक पडला नाही. ब्रेक धरूनच बसलाय. पण शू, म्हणजे ब्रेक मारल्यावर आतून घासणारे अर्धगोल तुकडे, स्वतःहून ड्रमला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला, चिकटत नाहीत. त्यांना कोण दाबून धरतंय किंवा मागे येऊ देत नाही, ते आधी शोधायला हवं. ते न शोधता शू बदलले म्हणून मला खरंच वाईट वाटलं, कारण हे नवे शूही असेच जळतील.

सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लाव, गिअर न्यूट्रलला ठेव, हँडब्रेक सोड आणि मागची बाजू उचलून स्टँडवर ठेव. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नकोस, एवढं माझं ऐकच. आता चाक हाताने फिरव. शू किंचित घासल्याचा आवाज चालतो, पण चाक अडत असेल तर हँडब्रेकच्या केबलचा नट पूर्ण सैल कर. चाक मोकळं झालं तर दोष केबलकडचा. नाही झालं, तर ब्लीडिंग निपलला (ब्रेकमधलं ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) नळी लावून तो जरासा उघड. ब्रेक ऑइल चिळकन उडालं आणि चाक फिरू लागलं, तर आत दाब अडकलाय. एकाच चाकाला असं होत असेल तर त्या चाकाकडे ऑइल नेणारा रबरी होज आतून फुगलेला असू शकतो. बाहेरून तो अगदी धडधाकट दिसतो. सगळीच चाकं धरत असतील तर पेडलकडचा, दाब तयार करणारा मास्टर सिलिंडर आणि पेडलची मोकळी चाल बघ. निपल उघडूनही चाक अडलेलंच राहिलं, तर मात्र ड्रम काढायचा.

ड्रम निघत नसेल तर आधी शू ड्रमच्या जवळ-लांब करणारा अ‍ॅडजस्टर मागे फिरव, हातोड्याने बडवू नकोस. आतली पूड हवेने उडवू नकोस. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पूस. दोन्ही बाजू एकदम उघडू नकोस, एक बाजू जोडलेली राहू दे. स्प्रिंग कुठल्या भोकात होती याचा वाद मग पडत नाही.

आता शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर नखाने उचलून बघ. मागे ऑइल साचलं असेल किंवा पिस्टनवर तांबूस गंज असेल, तर सिलिंडरच बदल. मग शू हलवून बॅकप्लेटवरच्या, म्हणजे शूमागच्या पत्र्यावरच्या, त्या छोट्या उंचवट्यांवरून बोट फिरव. शू वर्षानुवर्षं तिथेच सरकत असतो. तिथे खाच पडली की तो अडकतो, स्प्रिंग कितीही नवी असो. ही जागा फार कमी जण बघतात. खाच बारीक असेल तर कानसीने गुळगुळीत करून उष्णता सोसणारं ग्रीस नखभर लाव. लायनरला मात्र ते लागता कामा नये. खोल असेल तर प्लेटच बदलावी लागते.

हँडब्रेकची केबल पकडीने ओढून सोड. ती आपोआप मागे आली पाहिजे. तिच्यात साध्या ऑइलचे थेंब टाकले तर चालेल काही दिवस, पण आत गंज धरलेली केबल परत चिकटणारच, बदललेली बरी.

जोडताना क्रम चुकवू नकोस: आधी शू अ‍ॅडजस्ट, मग हँडब्रेकची केबल. केबल आधी ताणली तर शूवरचा लिव्हर पूर्ण मागे बसत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत मग आपोआप अंतर जुळवणारा ऑटो अ‍ॅडजस्टर कामच करत नाही. सिलिंडर किंवा होज बदललास तर निपलमधून आतली हवा काढून ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल भर. ते पाणी शोषून घेतं आणि आतले भाग गंजवतं, म्हणून साधारण 2 वर्षांनी बदलायचं असतं. गाडीच्या रंगावर सांडू देऊ नकोस.

शेवटी गाडी थोडी चालव, ब्रेक शक्य तितका कमी मार आणि दोन्ही मागच्या चाकांजवळ हाताची पालथी बाजू धर, टेकवू नकोस. दोन्हीकडे ऊब सारखीच हवी. निपल उघडल्यावर काय झालं ते लगेच कळव, पुढचं आपण दोघं मिळून बघू.

तुझाच
मित्र