शेळ्या चोरणारे वाहन सरकारजमा व्हावे

महोदय,

सांगोला-मंगळवेढ्याच्या कोरडवाहू पट्ट्यात शेळी हीच घरची ठेव असते. मुलीची फी असो वा दवाखान्याचा खर्च, बोकड बाजारात नेले की वेळ निभावते. आमच्या भावकीतील एका विधवा चुलतीच्या चार गाभण शेळ्या गेल्या पावसाळ्यात एका रात्रीत दावी कापून पिकअपमधून पळवल्या गेल्या. आरोपी सापडले, पिकअपही सापडली. शेळ्या मात्र तोवर कापल्या गेल्या होत्या. खटला अद्याप सुरू आहे आणि तीच पिकअप सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत तात्पुरता ताबा मिळण्यासाठी दिलेल्या हमीपत्रावर, सुटून आमच्याच रस्त्याने धावते आहे.

वाहन जप्त झाले म्हणजे ते मालकाच्या हातून गेले, असा समज गावोगावी आहे. वास्तविक जप्ती ही तपासापुरती असते. मालकी संपते ती न्यायालयाने वाहन सरकारजमा करण्याचा आदेश दिल्यावरच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९८ नुसार, खटला संपताना गुन्ह्यासाठी वापरलेली मालमत्ता सरकारजमा करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही तो कलम ४५२ मध्ये होताच. जप्त वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले, ते योग्यच आहे. परंतु तात्पुरता ताबा मिळाला म्हणून अखेरचा निर्णय झाला, असे होत नाही. म्हणून सुपूर्तनामा देताना वाहन न विकण्याची अट कसोशीने घालावी, आणि दोष सिद्ध होताच सरकारी वकिलांनी कलम ४९८ खाली सरकारजमेची व कलम ३९५ खाली पशुपालकाच्या भरपाईची मागणी न चुकता करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वाहन भाड्याने नेलेले असेल आणि मालकाला चोरीची कल्पना नसेल, तर त्याचे म्हणणे आधी ऐकलेच पाहिजे; निरपराध टेम्पोवाल्याचे पोट बुडावे, असे मी मुळीच म्हणत नाही.

जनावर जिवंत सापडल्यास ते मूळ मालकाकडे लवकर परतणे तितकेच निकडीचे आहे. मुद्देमाल न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत त्याचे विवरण व छायाचित्रे तयार करावीत आणि त्यानंतर ३० दिवसांत त्याविषयी आदेश द्यावा, असे कलम ४९७ सांगते. चारा-पाण्यावाचून तळमळणाऱ्या मुक्या जीवासाठी एवढे दिवसही फार होतात. ओळख पटवण्यास कानातील १२ अंकी बिल्ला उपयोगी पडतो, तेव्हा त्याचा क्रमांक प्रत्येकाने घरी लिहून ठेवावा व फिर्यादीत नोंदवावा. चुलतीच्या शेळ्यांना बिल्ले नव्हते.

आपला,
एक पशुपालक, ता. सांगोला, जि. सोलापूर