केशवराव भोसले नाट्यगृह मूळ रूपातच हवे

महोदय,

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हा नाशिकचे नाट्यरसिकही हळहळले. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ म्हणून सुरू झालेली ही वास्तू मूळ रूपातच उभी राहावी, असे माझे ठाम मत आहे. पॅरिसचे नोत्र दाम हे जुने चर्च २०१९ च्या आगीनंतर ओक लाकडाचेच छत पुन्हा घडवून डिसेंबर २०२४ मध्ये खुले झाले, हे उदाहरण समोर आहे. मात्र रूप जुने राखले तरी वीजजोडण्या, रंगमंचावरील अग्निरोधक पडदा आणि पाण्याचे फवारे आजच्या काळाचेच हवेत. सरकारवाडा व जुन्या नाशकातील लाकडी वाडे यांचीही अग्निसुरक्षा तपासणी महापालिकेने तातडीने करावी, ही विनंती.

– एक नाट्यरसिक, नाशिक